होम थिएटरला एचडीएमआय स्विच कुठला घेऊ? सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत तीन वर्षांपूर्वी मी एकाचा साउंडबार लावून दिला, बस, तेव्हापासून लिफ्टमध्ये कुणी भेटलं की "अहो ते वायरवाले तुम्हीच ना" इथूनच बोलणं सुरू होतं. मी काही इंजिनिअर नाही, आवड आहे आणि चुका भरपूर करून झाल्यात. तीच तीच उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. आता कुणी विचारलं की लिंक टाकणार, राग मानू नका.

स्विच आणि स्प्लिटर एकच ना?

नाही हो, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. स्विच म्हणजे डबे अनेक, टीव्ही एक. सेट टॉप बॉक्स, फायर स्टिक, प्लेस्टेशन यातलं कुठलं आत्ता दिसायचं ते स्विच ठरवतो. स्प्लिटर बरोब्बर उलटा, डबा एक आणि टीव्ही दोन, म्हणजे हॉलमधली मॅच बेडरूममध्येही तीच दिसणार. दोन्ही डब्या सारख्याच काळ्या, सारख्याच आकाराच्या, दुकानदारही घाईत असला की हातात पडेल ती देतो. भोकं मोजायची. इनपुट जास्त आणि आउटपुट एक असेल तर स्विच. दोन्ही बाजूंना जास्त असतील तर त्याला मॅट्रिक्स म्हणतात, ते महाग असतं आणि टू बीएचकेमध्ये त्याची गरज पडलेला माणूस मला अजून भेटायचाय.

मला स्विच लागणारच का?

बहुतेक नाही. खरंच. आधी टीव्हीच्या मागे मोबाइलचा टॉर्च मारून बघा, भिंतीला लावलेला टीव्ही असेल तर मोबाइलच आत घालून फोटो काढा म्हणजे मान अवघडणार नाही. साध्या ३२ इंचीला दोन एचडीएमआय पोर्ट (चित्र आणि आवाज एकाच वायरीतून घेणारी भोकं) असतात, मोठ्या टीव्हीला तीन किंवा चार. आता तुमचे डबे मोजा. आणि मोजताना प्रामाणिकपणे मोजा, म्हणजे कपाटात पडलेला डीव्हीडी प्लेअर जो २०१६ नंतर चालू झालेला नाही तो मोजायचा नाही.

माझ्या मेहुण्याकडे खारघरला सहा वस्तू होत्या म्हणून त्याला सहाचा स्विच हवा होता. बसून मोजलं तर टीव्ही स्वतःच स्मार्ट असल्यामुळे फायर स्टिक बंदच पडून होती, ब्रॉडबँडवाल्यांनी फुकट दिलेला बॉक्स कुणी लावतच नव्हतं, आणि एक डबा तर नक्की कशाचा होता ते त्यालाही सांगता येईना. उरले तीन, टीव्हीला पोर्ट तीन. एक पैसा खर्च झाला नाही, वर वहिनीनं पोहे खायला घातले ते वेगळं.

स्विच घ्यायचा तो फक्त दोन कारणांसाठी: रोज वापरातले डबे पोर्टपेक्षा जास्त आहेत, किंवा टीव्ही भिंतीत असा बसवलाय की मागे हातच जात नाही आणि लॅपटॉप वगैरे लावायला खाली टीव्ही युनिटवर पोर्ट हवेत. दुसरं कारण लोक विसरतात पण माझ्या मते तेच जास्त खरं आहे.

घरात साउंडबार आहे, मग स्विच कुठे बसवायचा, टीव्हीच्या आधी की नंतर?

या प्रश्नाला मी जरा वेळ देणार, कारण नव्वद टक्के भानगडी इथल्याच.

टीव्हीच्या मागे एका एचडीएमआय पोर्टवर एआरसी किंवा ई-एआरसी असं छापलेलं असतं, बोलताना सगळे आर्क म्हणतात. बाकीचे पोर्ट फक्त आत घेतात, हा पोर्ट टीव्हीचा आवाज बाहेरही पाठवतो. साउंडबार त्याच पोर्टला, दुसऱ्या कुठल्या नाही. आता लोक काय करतात, स्विच आणतात, स्विचचं आउटपुट आर्कच्या पोर्टला लावतात आणि साउंडबार स्विचला लावतात, मग आवाजच येत नाही म्हणून मला रात्री साडेदहाला फोन. साधा स्विच आर्कचा आवाज उलटा जाऊ देत नाही. काही स्विच देतात, पण त्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, लिहिलं नसेल तर नाहीच समजा.

बरोबर पद्धत अशी: सगळे डबे स्विचला, स्विचची एकच वायर टीव्हीच्या साध्या पोर्टला, आणि साउंडबार एकटा आर्कच्या पोर्टला. डब्यांचा आवाज स्विचमधून टीव्हीत जातो आणि टीव्ही तो साउंडबारला देतो. टीव्हीचा रिमोट एकदा दाबला की चित्र आणि आवाज दोन्ही चालू, आवाज कमीजास्तही त्याच रिमोटवर. माझ्याकडे सेटअप कसा तपासायचा याची एकच परीक्षा आहे: घरी कुणी नसताना आईला तिची मालिका लावता आली पाहिजे. तिला जमलं नाही तर तुम्ही लाखाचं सामान आणलं तरी ते चुकलेलंच आहे.

एक सेटिंग बघून घ्या. टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल आउटपुट पीसीएमवर असेल तर आर्कमधून फक्त दोन चॅनल जातात आणि मागचे स्पीकर मुके राहतात. ते ऑटो किंवा पास थ्रू करा.

आर्क आणि ई-आर्क मध्ये कानाला फरक कळतो का?

नेटफ्लिक्स, प्राइम वगैरेच बघत असाल तर नाही कळणार. त्यांचा अ‍ॅटमॉस, म्हणजे चहूबाजूंनी आणि वरूनही येतोय असा वाटणारा आवाज, हा डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतो, दाबून लहान केलेला, तो साध्या आर्कमधूनही जातो. ब्लू-रे डिस्कवर ट्रूएचडी नावाचा, दर्जा न घटवता साठवलेला जो आवाज असतो तो साध्या आर्कमध्ये मावत नाही, त्याला ई-आर्क लागतो. ब्लू-रे जमवणारी माणसं ठाण्यात मोजकीच असतील, त्यांना हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहितीये.

बॉक्सवर मोठ्ठं "४के" लिहिलंय, मग चांगलाच असेल ना?

४के हा शब्द आता "शुद्ध तूप" सारखा झालाय, कुणीही कशावरही छापतं. एचडीएमआय १.४ हे २००९ चं, त्यातही ४के होतंच, पण सेकंदाला ३० फ्रेम. सिनेमा २४ चा असतो म्हणून तो ठीक दिसेल, पण मेनू सरकवताना, मॅच बघताना चित्र अडखळल्यासारखं वाटतं. २०१३ ला २.० आलं, त्यात ४के ६० फ्रेमनं जातं आणि त्यासाठी सेकंदाला १८ गिगाबिट माहिती जाईल एवढी, म्हणजे १८ जीबीपीएसची वाट हवी. म्हणून बॉक्सवर नुसतं ४के नको, "४के ६० हर्ट्झ", "१८ जीबीपीएस", "एचडीआर" (उजेड आणि अंधार दोन्ही नीट दाखवणारं चित्र) आणि "एचडीसीपी २.२" (हे काय ते पुढच्याच प्रश्नात) हे चारही बघा. यातलं एक जरी कमी असेल आणि तुमचा टीव्ही ४के असेल तर ठेवा परत. टीव्ही फुल एचडी असेल तर मात्र स्वस्तातला जुना स्विच मस्त चालतो, उगाच पैसे घालवू नका.

साधारण अंदाज सांगतो, चांगला तीन इनपुटचा १८ जीबीपीएसवाला हजाराच्या आसपास मिळून जातो, दोनशे-तीनशेचा जो एकाच वायरला तीन भोकं असलेला पिटुकला मिळतो तो मी स्वतः दोनदा घेऊन पस्तावलोय.

स्विच लावल्यापासून फायर स्टिक काळी स्क्रीन दाखवते, टीव्ही गेला का?

टीव्ही ठणठणीत आहे. हा एचडीसीपीचा प्रकार. पैसे भरून बघायचं जे काही ४के आहे ते कुलूप लावून पाठवलं जातं, आणि डबा, स्विच, टीव्ही या तिघांकडेही किल्ली असावी लागते. मधल्या स्विचकडे जुनी किल्ली असेल म्हणजे एचडीसीपी १.४, तर डबा एकतर चित्र देत नाही किंवा गुपचूप फुल एचडीवर उतरतो आणि तुम्ही महिनाभर ४के समजून बघत बसता. तपासायचं सोपं आहे, स्विच बाजूला काढा आणि स्टिक थेट टीव्हीत घाला, आली तर दोष स्विचचाच.

कधीकधी मात्र नुसताच रुसवा असतो. डबा आणि टीव्ही आधी एकमेकांना विचारतात की बाबा तुला काय काय झेपतं, ती बोलणी मधे अडकली की स्क्रीन काळी. सगळं बोर्डावरनं बंद करा, मिनिटभर थांबा, मग आधी टीव्ही, नंतर स्विच, शेवटी डबा या क्रमानं चालू करा. इनपुट बदलल्यावर दोन-चार सेकंद काळं दिसणं तर नॉर्मलच आहे, लगेच बटणं बडवू नका.

मुलाचा पीएस ५ आहे, तो पण स्विचला लावू का?

नको. तो थेट टीव्हीत. ४केमध्ये १२० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १२० फ्रेमनं खेळायचं असेल तर एचडीएमआय २.१ लागतं, म्हणजे ४८ जीबीपीएसपर्यंतची वाट, आणि तसे खरेखुरे स्विच महाग पडतात. टीव्हीतसुद्धा सगळे पोर्ट २.१ चे नसतात, बऱ्याच टीव्हीत दोनच असतात आणि त्यातला एक नेमका ई-आर्कचा, म्हणजे साउंडबार लावला की उरला एकच. तो पीएस ५ ला द्या आणि फुल एचडीचा सेट टॉप बॉक्स, स्टिक वगैरे गरीब मंडळी स्विचवर बसवा. टीव्ही जर ६० हर्ट्झचाच असेल तर हा सगळा परिच्छेद विसरून जा, १८ चा स्विच चालेल.

ऑटोमॅटिक स्विच मनानेच इनपुट बदलतो, भूत आहे का?

भूत नाही, सेट टॉप बॉक्स आहे. ऑटो स्विच बघतो की कुठल्या भोकात नव्यानं जीव आला, आणि तिकडे उडी मारतो. एचडीएमआयच्या वायरीत डब्याकडून ५ व्होल्ट येत असतात, स्विच त्यावरून ओळखतो. गंमत अशी की बरेच डबे रिमोटनं बंद केले तरी ते ५ व्होल्ट चालूच ठेवतात, शिवाय रात्री अपडेटसाठी स्वतःच जागे होतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या घरी आरतीचा व्हिडिओ चालू असताना एकदम कार्टून लागलं, नातवानं स्टिक झोपवली होती ती जागी झाली. ऐन गणपतीत, घरभर पाहुणे.

ऑटो बंद करायचं बटण असलेला स्विच घ्या. बटण छोटंसं बाजूला असतं. आणि वर इनपुटचे दिवे असले पाहिजेत, नाहीतर आत्ता कुठल्या नंबरवर आहोत हेच कळत नाही.

त्याच्याबरोबर येणारा रिमोट कामाचा असतो का?

असतो तोवर असतो, तो क्रेडिट कार्डएवढा, बटण सेलवर चालणारा, पंधरा दिवसात सोफ्याच्या फटीत जातो. दोन गोष्टी बघा. एक म्हणजे स्विच टीव्हीच्या मागे लपवणार असाल तर रिमोटचा डोळा बाहेर काढायची वायर त्याच्यासोबत आलीय का. आणि दुसरं, काही स्विच दुसऱ्याच रिमोटला ओ देतात. आमच्याकडे एसीचा रिमोट दाबला की टीव्हीवर इनपुट दोन यायचा, आठवडाभर मी एसीवाल्यावर संशय घेत होतो. शेवटी स्विचच्या डोळ्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि बटण हातानं दाबायला लागलो.

सीईसी म्हणजे एका रिमोटवर सगळं चालणं, त्याला प्रत्येक कंपनी वेगळ्या नावानं मिरवते, एलजीचं सिमलिंक, सॅमसंगचं एनीनेट प्लस, सोनीचं ब्राविया सिंक. आत गोष्ट एकच. स्विचमधून सीईसी जाईल याची खात्री नसते, गेलं तर बोनस.

स्विचला वेगळा अ‍ॅडाप्टर लागतो का? दुकानदार म्हणाला नाही लागत.

दुकानदार खोटं बोलत नाहीये, स्विच डब्याकडून येणाऱ्या त्याच ५ व्होल्टवर जगतो. पण त्यातून मिळणारा करंट अगदी थोडा असतो, जेमतेम. तीन मीटरची केबल, ४के एचडीआर, आणि वर चार दिवे म्हटल्यावर मग अधूनमधून चित्रात पांढरे ठिपके चमकतात किंवा क्षणभर काळं होतं. यूएसबी पॉवरचं भोक असलेलाच घ्या आणि जुन्या मोबाइलचा चार्जर लावा. टीव्हीच्या यूएसबीतूनही देता येते, फायदा हा की टीव्ही बंद झाला की स्विचही बंद.

माझ्याकडे जुना डीव्हीडी प्लेअर आहे, लाल पांढरी पिवळी पिन, नव्या टीव्हीला भोकच नाही

बाबांच्या नाटकांच्या डीव्हीडी असतात ना घराघरात. गडकरी रंगायतनला जाऊन बघितलेलं नाटक पुन्हा घरी बघायचं म्हणून घेतलेल्या, त्या टाकवत नाहीत. उपाय आहे. आधी टीव्हीच्या मागे नीट बघा, काही टीव्हीत तीन पिनांऐवजी हेडफोनसारखं एकच एव्ही भोक असतं आणि त्याची छोटी वायर टीव्हीच्या खोक्यात आलेली असते, जी सगळ्यांनी फेकून दिलेली असते. तेही नसेल तर एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर, पाचेकशे रुपयांची डबी.

डबीवर बाण कुठल्या दिशेला आहे ते वाचा!! एचडीएमआय टू एव्ही अशी हुबेहूब तशीच दिसणारी डबी मिळते आणि ती उलट्या कामाची, एकीनं दुसरीचं काम होत नाही. माझ्याकडे चुकून घेतलेली एक अजून ड्रॉवरमध्ये आहे, हवी तर घेऊन जा. आणि चित्र फार सुधारेल अशी आशा ठेवू नका, डीव्हीडीत मुळात ५७६ रेषाच आहेत, ५५ इंचावर पसरल्या की चेहरे मेणाचे दिसणारच.

जुनं ५.१ होम थिएटर आहे, आवाज अजून दणदणीत आहे, पण त्याला एचडीएमआय नाही

टाकू नका! तो मोठा सबवूफर, पाच छोटे डबे, मागे सहा रंगीत पिना, अशी कित्येक सिस्टीम आपल्याकडे चालू आहेत. लाल पांढऱ्या पिनांत टीव्हीचा हेडफोन आउट लावून लोक समाधान मानतात, पण तो स्टिरिओच, तोच आवाज पाची स्पीकरवर वाटून टाकलेला. खरा ५.१ हवा तर टीव्हीच्या ऑप्टिकल (प्रकाशातून आवाज पाठवणाऱ्या) भोकातून एक ५.१ डिकोडर डबी लावा, तिच्यातून पुढचे, मागचे, मधला आणि सबवूफर असे वेगळे आवाज निघतात आणि ते सहा पिनांत जातात. टीव्हीचं डिजिटल आउटपुट मात्र डॉल्बी डिजिटलवर ठेवा, डॉल्बी डिजिटल प्लस ऑप्टिकलमधून जात नाही. ऑप्टिकलच्या टोकाला पारदर्शक टोपी असते ती काढायची असते, हसू नका, मी स्वतः टोपीसकट घुसवायचा प्रयत्न केलाय.

टीव्हीलाच ऑप्टिकल नसेल तर ऑडिओ एक्स्ट्रॅक्टरवाला स्विच मिळतो, चित्र टीव्हीला, आवाज ऑप्टिकलनं वेगळा. अशा स्विचवर एक छोटी खिटी असते, पास, २ चॅनल आणि ५.१ अशी. टीव्ही स्टिरिओच असेल तर पासवर ठेवल्यास डबा टीव्हीचं ऐकतो आणि स्टिरिओच पाठवतो. ती ५.१ वर सरकवायची. या खिटीपायी एकाचा आख्खा रविवार गेलाय, माझ्यासकट.

एकच स्पीकरची जोडी आहे आणि दोन अ‍ॅम्प, एक सिनेमाला एक गाण्यांना. दोन्हीच्या वायरी एकत्र पिळून लावू का?

अजिबात नाही. एक अ‍ॅम्प चालू असताना त्याची पॉवर दुसऱ्याच्या आउटपुटमध्ये उलटी घुसते आणि एक तरी जळतोच. स्पीकर सिलेक्टर म्हणून मिळतो, जाड खटक्याचा, तो एका वेळी एकच अ‍ॅम्प जोडतो. स्वस्त सिलेक्टरमध्ये दोन्ही बटणं एकदम दाबली जात नाहीत ना, ते दुकानातच दाबून बघा. आणि उलट बाजूनं, एका अ‍ॅम्पवर दोन जोड्या एकदम लावल्या तर ८ ओहमचे दोन मिळून ४ होतात, अ‍ॅम्पच्या मागे किती ओहमपर्यंत चालेल ते छापलेलं असतं, ते आधी वाचा.

सरळ एव्ही रिसिव्हर घेऊन टाकू का, कटकट नको?

वेगळे स्पीकर घेणार असाल, म्हणजे समोर दोन, मधे एक, मागे दोन, तर हो, स्विच वगैरे विसरा. डेनॉन, यामाहा, कुठलाही घ्या, त्यात स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प आणि स्विच दोन्ही असतातच, सगळे डबे त्याला, एक वायर टीव्हीला. पण तो म्हणजे आवाजाचा राजा, तो जागा असल्याशिवाय घरात काही हलत नाही. आईला सकाळी नुसता टीव्ही हवा असेल तरी रिसिव्हर चालू करावा लागतो. मेनूत स्टँडबाय पास थ्रू नावाचं सेटिंग असतं ते चालू केलं की रिसिव्हर झोपेत असताना पण चित्र-आवाज टीव्हीला पोचतो. नवा रिसिव्हर लावल्यावर मी पहिलं काम हेच करतो, स्पीकर नंतर.

साउंडबार असताना फक्त पोर्ट वाढवायला रिसिव्हर घेऊ नका मात्र, म्हणजे भाजी घ्यायला टेम्पो आणल्यासारखं होतं ते.

फर्निचरचं काम चालू आहे, प्रोजेक्टरसाठी भिंतीतून वायर टाकायचीय, कुठली टाकू?

आधी पाइपाबद्दल बोलू. इलेक्ट्रिशियन सवयीनं पाऊण इंची पाइप टाकतो, विजेच्या वायरी त्यातून सहज जातात. एचडीएमआयचं तोंड साधारण दोन सेंटिमीटर रुंद असतं, पहिल्याच बेंडला अडकतं आणि मग पीओपी झालेली भिंत फोडायची वेळ. किमान सव्वा-दीड इंची टाकायला सांगा, बेंड मोठे आणि गोल, आणि आत एक नायलॉनची दोरी ओवून सोडून द्या, उद्या केबल बदलायची झाली तर तीच कामाला येते.

साधी तांब्याची केबल १८ जीबीपीएसला पाचेक मीटरपर्यंत भरवशाची, त्यापुढे ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय घ्या. ती बारीक असते, छान वळते, पण तिला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले असं छापलेलं. मी आमच्याच घरी १० मीटरची केबल दोघं जण स्टुलावर उभे राहून, साबणाचं पाणी लावून, तास दीड तास ओढली. प्रोजेक्टर लावला, काही नाही. टोक बघितलं, सोर्स. बायकोनं विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, चहा टाक. मग पुन्हा सगळी उलटी ओढली.

आणि स्विच किंवा रिसिव्हर खाली टीव्ही युनिटमध्ये ठेवा, प्रोजेक्टरपाशी नाही. वर एकच वायर जाऊ दे. प्रोजेक्टरचा स्वतःचा स्पीकर गरीब असतो, आवाज खालीच काढून घ्यायचा.

स्पीकरमधून सारखा घूंऽऽ असा आवाज येतो

केबलवाल्याची गोल वायर सेट टॉप बॉक्समधून काढून बघा. घूं थांबला तर ग्राउंड लूप. केबलवाल्याची अर्थिंग वेगळी, तुमच्या बोर्डाची वेगळी, आणि दोन्ही तुमच्या अ‍ॅम्पमध्ये भेटतात. सगळं सामान एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेऊन बघा, नाही गेला तर केबलच्या वायरीत लावायचा आयसोलेटर मिळतो. काहीजण प्लगची अर्थिंगची जाड पिनच काढून टाकतात, आवाज जातो खरा, पण कधीतरी शॉक बसेल. ते करू नका.

वाशी, ऐरोली, कोपरी, खाडीच्या जवळ राहणाऱ्यांसाठी अजून एक, खारट दमट हवेनं पिनांवर हिरवट थर चढतो आणि एका बाजूचा आवाज खरखरतो. पिन काढून चार वेळा आत-बाहेर करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पावसाळ्यानंतर हा कार्यक्रम माझ्याकडे दरवर्षी असतो.

पावसाळ्यात एचडीएमआय पोर्ट उडतात हे खरं का?

खरं. माझा उडालाय. जूनचा पहिला पाऊस, रात्री कडकडाट, लाइट गेली आणि आली, सकाळी टीव्ही चालू पण इनपुट एक मेलेला. गच्चीवरून बिल्डिंग टू बिल्डिंग जी वायर येते किंवा डिशची वायर, तिच्यातून झटका सेट टॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयनं टीव्हीत. बोर्डाला सर्ज प्रोटेक्टर होता हो माझ्या, पण झटका दुसऱ्या दारानं आला. ढग वाजायला लागले की प्लगबरोबर ती गोल वायरही काढा. तसा स्विचचा एक फायदा इथे आहे, कधीकधी हजाराचा स्विच मरतो आणि टीव्हीचा बोर्ड वाचतो, पण त्या भरवशावर राहू नका.

ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो, स्विचमुळे का?

स्विच उशीर करत नाही, निदान कळण्याइतका तरी नाही. उलट बहुतेक वेळा टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो आणि आवाज पुढे निघून जातो. तसं असेल तर टीव्हीचा गेम मोड लावून बघा. आवाज पुढे असेल तर साउंडबारमध्ये ऑडिओ डिले वाढवता येतो. आवाज मागे असेल तर टीव्हीतला डिले शून्य करा आणि पास थ्रू लावा. ब्लूटूथनं जोडला असेल तर मात्र वायर लावा आधी, बाकी काही करू नका.

कुठून घेऊ, ऑनलाइन की दुकानातून?

स्विच ऑनलाइन, परत करता येतो म्हणून. सात दिवसांत सगळे डबे, सगळे इनपुट, ४के एचडीआरचा एखादा सिनेमा पूर्ण, असं सगळं करून घ्या, दहा मिनिटं बघून बॉक्स फेकू नका. केबल, पिना, कन्व्हर्टर, स्पीकर सिलेक्टर असलं सुटं सामान बघून घ्यायला लॅमिंग्टन रोडसारखी मजा नाही, ठाण्याहून फास्टनं दादर आणि तिथून वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोड, फक्त रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. तेवढं जायचं नसेल तर वाशी सेक्टर १७ किंवा ठाणे स्टेशनजवळ गोखले रोडच्या बाजूला मिळून जातं. जाताना टीव्हीच्या मागचा तो काढलेला फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आणि काय घ्यायचं ते कागदावर लिहून न्या, मी एकदा एक ऑप्टिकल केबल आणायला गेलो आणि दोन स्पीकर घेऊन आलो, केबल राहिलीच.